ओळखीचं झाड, आपल्या मोबाइलमध्ये

गटाच्या बैठकीला जमलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, खुरपायला जाताना फोन कमरेला खोचून ऐकणाऱ्या सगळ्या ताया, काकू, आज्या, तुम्हाला साकीनाक्याहून माझा नमस्कार.

आज मी झाडांच्या फोटोंविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, झाडाचा कसला फोटो काढायचा? फोटो लग्नाचा काढावा, बारशाचा काढावा, हळदीकुंकवाचा काढावा. झाड काय, रोज तिथंच असतं. तर गोष्ट तिथंच आहे. रोज असतं म्हणून आपण ते बघत नाही, आणि ज्या दिवशी ते जातं त्या दिवशी ते कसं होतं, कुठल्या बाजूला झुकलेलं होतं, पहिली फांदी किती उंचीवर फुटली होती, यातलं काहीच आपल्याला नीट सांगता येत नाही. मोठं होतं, सावली दाट होती, एवढंच तोंडातून निघतं. माणसाबद्दल कुणी एवढंच सांगितलं तर आपण म्हणू, हिची काही खास ओळख दिसत नाही.

माझं माहेर माण तालुक्यातलं. दुष्काळी मुलूख, झाडं मोजकी. म्हणून जवळजवळ प्रत्येक झाडाला नाव. वाकडी बाभळ, म्हसोबाचा लिंब, वाटणीची चिंच. पत्ता सांगायचा तोही असा, की वाकड्या बाभळीपाशी ये आणि तिथनं खाली उतर. लग्न होऊन मी साकीनाक्याला आले. इथं मी गाळ्यांतल्या कामगारांना पोळीभाजीचे डबे देते. ज्यांनी साकीनाका पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: अंधेरी–कुर्ला रस्ता, त्यावर दिवसरात्र ट्रक, टेम्पो, रिक्षा. वरून मेट्रो जाते, वर्सोव्याहून घाटकोपरला. मुंबईतली पहिली मेट्रो ती, ८ जून २०१४ ला सुरू झाली. बाजूला खैरानी रोडवर एकाला एक चिकटून गाळे, कुठं प्लॅस्टिक, कुठं पत्रा, कुठं कपडा. जवळून मिठी नदी वाहते, नाव मिठी, रंग काळा. असल्या ठिकाणी झाड कुठलं, असं वाटेल. पण आहेत. पिंपळ आहेत, उंबर आहेत, गुलमोहर, सोनमोहर, आणि मोठ्या छत्रीसारखे पर्जन्यवृक्ष आहेत. गंमत म्हणजे मेट्रोच्या फलाटावर उभं राहिलं की झाडाचा शेंडा आपल्या डोळ्यासमोर येतो. गावात झाडाचा शेंडा बघायचा तर झाडावर चढावं लागतं. इथं तिकीट काढलं की दिसतो.

आणि ही मुंबई मुळात झाडांच्या नावांवर वसलेली आहे. चिंचपोकळीत चिंच आहे, वडाळ्यात वड आहे, ताडदेवात ताड आहे, फणसवाडी आहे, उंबरखाडी आहे. आमच्या शेजारीच काजूपाडा आहे. नावं राहिली. ज्या झाडांवरून ती पडली त्यांचं रूप मात्र कुणाला ठाऊक नाही.

मुंबई महापालिकेनं झाडांची गणना केली तेव्हा शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं निघाली. गणना लागतेच, मी तिला नावं ठेवत नाही. पण गणनेत झाड म्हणजे एक नग. आमच्यापासून फार लांब नसलेल्या आरेच्या जंगलात ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं आणखी झाडं तोडू नका असं सांगितलं, तोवर दोन हजारांहून जास्त पडली होती. हा आकडा मुंबईत पुष्कळांना आठवतो. त्यातलं एखादं झाड कसं होतं हे मात्र तिथल्या पाड्यांवरच्या आदिवासी बायकांना विचारावं लागेल. त्यांनी ती एकेक करून पाहिलेली होती.

आता फोटोकडे वळू. सगळ्यात आधी मोबाइलच्या मागची काच पदरानं पुसा. हसू नका. आपल्या फोनला पीठ लागतं, तेल लागतं, हळदीची बोटं लागतात. निम्मे धुरकट फोटो त्यामुळंच येतात.

काच पुसली की लगेच फोटो काढू नका. आधी झाडाला एक प्रदक्षिणा घाला. वटपौर्णिमेला आपण वडाला सात फेरे मारतो, पण तेव्हा लक्ष दोऱ्यावर असतं, पूजेच्या ताटावर असतं, मागच्या बाईचा धक्का लागतो त्याच्यावर असतं. एरवीच्या एखाद्या दिवशी नुसता एक फेरा मारा, नजर खोडावर ठेवून. चारही बाजूंनी झाड वेगळं दिसतं. एका बाजूनं सरळ वाटणारं दुसऱ्या बाजूनं कललेलं निघतं. कुठं मुळाचा पाय पुढं आलेला असतो, कुठं ढोली असते, कुठं तोडलेल्या फांदीची खूण असते. फिरता फिरता एका जागी आपोआप पाय थांबतात, तिथून ते झाड सगळ्यात जास्त त्याच्यासारखं दिसतं. तिथून फोटो काढायचा.

झाडाचा स्वभाव म्हणतात तो काय असतो? मला वाटतं, त्यानं काय काय सोसलं आणि त्यावर कसा मार्ग काढला, तो. मोकळ्या रानातला कडुनिंब गोल, भरलेला, चारी बाजूंना हात पसरून उभा असतो. तोच कडुनिंब आमच्या इथं दोन गाळ्यांच्या मधल्या बोळात उगवला तर सुतळीसारखा उंच जातो, खाली एक फांदी नाही, वर पत्र्याच्या पलीकडं ऊन दिसलं की तिथं सगळा पसारा. दोन्ही कडुनिंबच, पण फोटो एकाच पद्धतीनं काढून चालणार नाही. रानातल्याला आडवा फोन धरावा आणि भोवतीचं रिकामं रान दिसू द्यावं. बोळातल्याला उभा फोन धरावा आणि दोन्ही बाजूंच्या भिंती मुद्दाम दाखवाव्या. भिंती नाही दाखवल्या तर त्या झाडाची हकिकतच गेली.

तोडलेल्या फांदीची जागा जवळून बघा. जखमेभोवती साल हळूहळू गोल वळून येते, भाकरीच्या काठासारखी फुगते, आणि काही वर्षांत ती जागा झाकत आणते. आमच्याकडं एका पिंपळानं लोखंडी जाळीचा तुकडा खोडात घेतलाय. जाळी आधी होती की झाड, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. असल्या जागांचे वेगळे, जवळून फोटो काढा. चेहऱ्याचा फोटो असतो तसेच म्हाताऱ्या माणसाच्या हातांचे फोटो असतात ना, तसे.

साल हा तर मोठाच विषय आहे. बाभळीची काळी, उभ्या भेगांची. पेरूची गुळगुळीत, पापुद्रे निघणारी. अर्जुनाची फिकी, राखाडी, हात फिरवावासा वाटणारी. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर तर कोनासारखे काटेच. उंबराला फळं फांदीच्या टोकाला न येता खोडालाच लगडतात, त्याचा फोटो जवळूनच काढायला हवा. सालीचा फोटो काढायचा तर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. तेव्हा ऊन तिरपं येतं, प्रत्येक भेगेत सावली पडते आणि साल हाताला लागेल अशी दिसते. दुपारी बाराला काढलेली साल म्हणजे शेणानं सारवलेली भिंत, सगळं सपाट. आणि पाऊस येऊन गेल्यावर, आभाळ भरलेलं असताना, ओल्या सालीचा रंग बघा. श्रावणातला ढगाळ दिवस झाडांच्या फोटोंना फार चांगला. कडक सावल्या नाहीत, हिरव्याचे दहा प्रकार वेगवेगळे दिसतात.

एक अडचण सगळ्यांना येते. झाडाखालून फोटो काढला की आभाळ पांढरंफटक येतं किंवा झाड काळंकुट्ट येतं. यावर साधा उपाय आहे. स्क्रीनवर जिथं खोड दिसतंय तिथं बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये शेजारी छोटा सूर्य दिसतो. तो वर सरकवला की उजेड वाढतो, खाली सरकवला की कमी होतो. थोडं खालीवर करून बघा. आणि झाड काळं येतंच असेल तर येऊ द्या की! माघात-फाल्गुनात पानं झडलेलं झाड संध्याकाळच्या आभाळावर काळं उभं राहिलं की त्याची सगळी हाडं दिसतात. फांद्या कशा फुटल्या, कुठं वळल्या, कुठं भांडल्या आणि वेगळ्या झाल्या, ते पानांच्या दिवसांत कधी दिसत नाही. पिंपळाची नवी पानं मात्र उलट्या बाजूनं घ्यावी. सूर्य पानांच्या मागे आणि आपण पुढे. तांबूस, कोवळी, आतून दिवा लावल्यासारखी दिसतात, शिरान् शीर दिसते. हे दिवस थोडेच असतात, मग पानं हिरवी होतात.

दुसरी अडचण, मोठं झाड फोटोत मावत नाही. मग आपण अगदी बुंध्याशी उभं राहून फोन वर करतो, आणि झाड मागे पडतंय असं दिसतं, बुंधा मोठा, शेंडा एवढासा. त्यापेक्षा मागे जा. शंभर पावलं मागे जायला लागली तरी जा, आणि तिथून थोडं झूम करा. शक्य असेल तर उंचावर चढा, गच्चीवर, माळावर, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. साकीनाक्यात मागे जायची सोय नाही, मागे गेलं की ट्रकखालीच जायचं, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या शिरीषाचा फोटो समोरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून काढते. नेहमी तीच पायरी. ती का, ते पुढं सांगते.

झाड केवढं आहे हे दाखवायला शेजारी कुणाला तरी उभं करा. आजीला करा, शेळीला करा, बुंध्याला सायकल टेकवा. पण त्या माणसाला कॅमेऱ्याकडं बघून हसायला सांगू नका, नाहीतर फोटो माणसाचा होतो आणि झाड पडद्याचं काम करतं. बुंध्याचा घेरही मोजून ठेवा. जमिनीपासून साडेचार फुटांवर, साधारण छातीएवढ्या उंचीवर सुतळीचा एक वेढा घ्यायचा, गाठ मारायची आणि ती सुतळी टेपनं मोजायची. वटपौर्णिमेच्या दोऱ्याचा एक फेरा मोजला तरी वडाचा घेर कळतो. दर वर्षी मोजला तर आपल्या पूजेची एक नोंदवहीच तयार होईल. आणि इथं एक बोलून घेते. शहरात त्या दिवशी वडाच्या तोडलेल्या फांद्या वीस-तीस रुपयांना विकायला येतात, आणि बायका घरात आणून पुजतात. मला ते पटत नाही. उभ्या झाडापर्यंत जायला जमलं नाही तर त्याच्या फोटोला हळदकुंकू लावा, पण फांदी नको.

गर्दीतलं झाड उठून दिसत नाही, यावर दक्षिण कोरियातल्या म्यांग हो ली नावाच्या छायाचित्रकारानं एक युक्ती केलीय. तो रानातल्या एखाद्या अगदी साध्या झाडामागे भलंमोठं पांढरं कापड उभं करतो, क्रेन लावून, माणसं लावून. मग फोटो काढतो. मागचं सगळं झाकलं जातं आणि ते एकटं झाड, कुणाचं लक्षही गेलं नसतं असं, स्टुडिओत बसल्यासारखं दिसतं. आपल्याला क्रेन कशाला हवी? लिंबोणीचं किंवा शेवग्याचं झाड असेल, तर दोन बायका आणि एक धुतलेली पांढरी चादर पुरते. आमच्या गटातल्या दोघींनी एका कढीपत्त्यामागे चादर धरली होती. तिसरीनं फोटो काढेपर्यंत अर्धी गल्ली जमली. एक पोरगा म्हणाला, मावशी, रील करताय का? कढीपत्त्याचा फोटो मात्र असा आलाय की ती बाई तो सगळ्यांना दाखवत फिरते. रोज आमटीसाठी पानं ओरबाडत होते, म्हणते, पण हा एवढा डौलदार आहे हे ठाऊक नव्हतं.

बेथ मून नावाच्या अमेरिकन बाईनं तर चौदा वर्षं जगभर फिरून म्हाताऱ्या झाडांचेच फोटो काढले. त्याचं पुस्तक २०१४ साली निघालं. त्यात आफ्रिकेकडच्या गोरखचिंचा आहेत, पोटं सुटलेल्या, हत्तीच्या कातडीच्या. गोरखचिंच बघायला आफ्रिकेत जायला नको. भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, वसईच्या किल्ल्यात आहे. सांताक्रूझला स्वामी विवेकानंद रस्त्यावर होती. ती २०२४ च्या मे महिन्यात मेट्रोच्या कामासाठी तोडली. तिचे फोटो पुष्कळांकडे आहेत, म्हणून ती कशी होती हे निदान दाखवता येतं.

एक सांगायचं राहिलं. फोटोत रंग वाढवणारे फिल्टर लावू नका. हिरवं आणखी हिरवं केलं की सगळी झाडं कॅलेंडरवरची होतात. आपल्या झाडावर धूळ असेल तर धूळ दिसू दे.

आता त्या तिसऱ्या पायरीची गोष्ट. आमच्या गाळ्यांच्या मागच्या गल्लीत एक शिरीष आहे. शिरीष तुमच्याकडंही असतो. उन्हाळ्यात रेशमी धाग्यांच्या पोपटी-पांढऱ्या फुलांनी भरतो, सगळी गल्ली वासानं भरते. हिवाळ्यात पानं झडतात आणि वाळलेल्या चपट्या शेंगा लटकत राहतात. वारा आला की खुळखुळ वाजतात. इंग्रजीत म्हणे या झाडाला ‘बाईची जीभ’ असं नाव आहे, सारखी वाजते म्हणून. नाव कुणी ठेवलं असेल ते सांगायला नको. आमच्या गटानं ठरवलं, या एका झाडाचा वर्षभर फोटो काढायचा, दर महिन्याला एक, त्याच पायरीवरून, तसाच उभा फोन धरून. सुरुवातीला सगळ्याजणी कंटाळल्या, कारण चार महिने फोटो सारखेच दिसत होते. मग कार्तिकानंतर एकेक फोटो वेगळा यायला लागला. बारा फोटो एका ओळीत मांडले तेव्हा आमच्याच अंगावर काटा आला. एकच झाड, आणि जणू बारा बायका बसल्यात, कुणी नटलेली, कुणी दमलेली.

पुढच्या जानेवारीत जवळच्या एका इमारतीतल्या लोकांनी अर्ज केला की हे झाड वठलंय, धोकादायक आहे, काढून टाका. पानं नव्हतीच, त्यामुळं बघणाऱ्याला ते खरंच वाटावं. आम्ही अर्जाला अर्ज दिला आणि सोबत दोन फोटो जोडले. एक मागच्या जानेवारीतला, असाच उघडाबोडका. दुसरा त्यानंतरच्या मे महिन्यातला, फुलांनी भरलेला. एकाच पायरीवरून काढलेले, मागची भिंत तीच, खिडकी तीच, तारीख खाली लिहिलेली. पाहणीला अधिकारी आले, त्यांनी वर बघितलं, फोटोंकडं बघितलं, नखानं सालीचा छोटा तुकडा काढला. आत ओलं हिरवं होतं. दोन वाळक्या फांद्या काढायचं ठरलं. काढायला आलेल्या माणसांनी तिसरीही काढली, जी चांगली होती. तेव्हापासून आमचा शिरीष एका खांद्यानं खाली बसलाय. पण उभा आहे. आता गटार रुंद करायचं बोलणं चाललंय, आणि ते गटार त्याच्या मुळांपाशीच आहे. फोटो काढणं चालू आहे.

याची दुसरी बाजू लपवणार नाही. मुंबईत पावसाळ्यात झाडं पडतात, माणसं दगावतात. प्रत्येक झाड वाचवायचंच असं मी म्हणत नाही. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक गुलमोहर होता. त्याच्या बुंध्यावर छत्र्या यायला लागल्या, बुरशीच्या, फळीसारख्या. पहिल्या फोटोत एक, सहा महिन्यांनी पाच. बुंध्याजवळची चीर बोटभर होती ती पंजाएवढी झाली. फोटो शेजारी ठेवल्यावर आम्हीच अर्ज केला की हा बघा, पोरं याच्याखाली खेळतात. तो काढला गेला. वाईट वाटलं. फोटो आहे.

शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात झाड तोडायच्या आधी परवानगी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. कुठल्या झाडाला कागद चिकटवलेला दिसला तर आधी त्या कागदाचा फोटो काढा, मग झाडाचा, कारण कागदावर मुदत असते आणि कागद पावसात जातो. २०२१ मध्ये या कायद्यात बदल झाला. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज ट्री, म्हणजे वारशाचं झाड, असं त्यात आलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी रोपं लावायची असंही. मग वयाचा पुरावा कुठून आणायचा? बुंध्याच्या घेरावरून अंदाज बांधतात. पण तुमच्या ट्रंकेतले जुने फोटो काढा. सासूच्या लग्नाच्या फोटोत मागे चिंच दिसते का? शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या फोटोत झेंड्यामागे लिंब आहे का, तेव्हा केवढा होता? ज्या फोटोत झाड चुकून आलंय तेच आता कामाचे आहेत.

खेड्यातल्या झाडांना वेगळा कायदा लागतो, १९६४ चा. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग अशी काही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची एक जैवविविधता समिती असते आणि तिची एक लोक जैवविविधता नोंदवही असते. माधव गाडगीळ सरांनी या नोंदवहीचं काम देशभर पोचवलं. ही नोंदवही गावातल्या लोकांनी सांगितलेल्या माहितीतून भरायची असते. तुमच्या पंचायतीत जाऊन ती बघायला मागा. कुठं कुठं ती कपाटात असते, आणि तिच्यात ‘वड – ४, पिंपळ – ३’ एवढंच असतं. तिथं तुमचे फोटो जाऊ शकतात: कुठला वड, कुणाच्या बांधावर, घेर किती, कुठल्या महिन्यात फळतो, कुठले पक्षी येतात, त्याचा चीक कशाला वापरतात, पार कुणी बांधला. हे सगळं म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

फोटोनं रस्ता वळतो का? एकट्या फोटोनं नाही वळत. पण २०२० साली सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या भोसे गावी, यल्लम्माच्या देवळाजवळचा एक जुना वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड येत होता. चारशे वर्षांचा आहे असं लोक सांगायचे. गावकरी आणि झाडांवर प्रेम करणारी माणसं जमली. त्या वडाचे फोटो पेपरात आले, मोबाइलवरून फिरले, आणि ज्यांनी भोसे कधी पाहिलं नव्हतं त्यांना तो वड ओळखीचा झाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरींना लिहिलं, आणि रस्त्याची आखणी बदलली. आकडा सांगून, एक झाड जाणार आहे म्हणून, कुणी हललं असतं असं मला नाही वाटत.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एका झाडाचा फोटो आणावा, असं सुचवते. आवडीचंच हवं असं नाही. नावडतं चालेल, ज्याच्यावरून जावेशी भांडण झालं ते चालेल, ज्याखाली पहिल्यांदा एसटीची वाट बघितली ते चालेल. बैठकीत फोटो दाखवताना नाव आधी सांगू नका, बाकीच्यांना ओळखू द्या. आमच्याकडं हा खेळ केला तेव्हा रोज ज्याच्याखाली भाजी घेतो तो पर्जन्यवृक्ष अकरा जणींतल्या दोघींनाच ओळखू आला. एकीला तर त्याची पानं संध्याकाळी मिटतात हेही तेव्हाच कळलं, कारण फोटो काढणारी दोनदा गेली होती, एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीला.

आणि फोटो नुसते फोनमध्ये ठेवू नका. फोन पाण्यात पडतो, पोरं गेम घालायला फोटो पुसतात, नवा फोन आला की जुना मोडीत जातो. वर्षातून एकदा तरी तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन छापून घ्या. मागे झाडाचं नाव लिहा, तुमच्याकडं जे म्हणतात तेच, पुस्तकातलं नाव नको. जागा लिहा, तारीख लिहा, घेर लिहा, आणि ते कुणी लावलं हे ठाऊक असेल तर तेही. शिसपेन्सिलीनं लिहा, हलक्या हातानं. बॉलपेननं दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला उमटतं, आणि शाईचे डाग एका फोटोवरून दुसऱ्यावर जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवू नका, ओल धरते. गटाच्या हिशोबाच्या वहीजवळ, कागदात गुंडाळून ठेवा.